दर वर्षी पैसे कशाचे?

या लेखाचे शीर्षक म्हणजे एका सरकारी फाइलवरील शेरा आहे, आणि तो शेरा माझाच आहे. २०१२ साली ईशान्य भारतातील एका राज्याच्या राजधानीत, केंद्र सरकारच्या एका कार्यालयाचे वित्तविषयक काम माझ्याकडे होते. फेब्रुवारीत तांत्रिक विभागाकडून एक प्रस्ताव आला. कार्यालयातील चाळीस सर्व्हरांवर लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिचे वार्षिक सबस्क्रिप्शन ३१ मार्चला संपते, सबब पुढील वर्षाच्या नूतनीकरणास मंजुरी मिळावी, असा त्याचा आशय होता. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. लिनक्स मुक्त आहे, त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे, एवढे मला ठाऊक होते. शिवाय ती प्रणाली आपण दोन वर्षांपूर्वीच ‘घेतली’ होती. मी समासात लिहिले, “सॉफ्टवेअर फुकट आहे व यंत्रांवर बसवलेलेही आहे. मग दर वर्षी पैसे कशाचे?” आणि फाइल परत पाठवली.

त्या शेऱ्याचा मला तेव्हा थोडा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. पुढे काय झाले ते ओघाने येईलच. परंतु त्या निमित्ताने ऑपरेटिंग सिस्टिमची किंमत ठरते तरी कशी, याचा मागोवा घेण्याचा नाद लागला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांपैकी पुष्कळजण याच व्यवसायात आहेत. त्यांना यातील तांत्रिक भाग नवा वाटणार नाही. पण फाइलीच्या पलीकडच्या टेबलावरून हा प्रश्न कसा दिसतो, हे कदाचित उपयोगी पडेल.

संगणकाच्या धंद्यात विक्रीपेक्षा भाडे जुने आहे. इलेक्ट्रॉनिक संगणक येण्यापूर्वी आयबीएम ही अमेरिकन कंपनी पंच कार्डांवर चालणारी हिशेबाची यंत्रे भाड्याने देत असे. त्या यंत्रांत आयबीएमचीच कार्डे वापरली पाहिजेत, अशी अट भाडेकरारात होती. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवली. अर्थशास्त्राच्या वर्गात हा खटला ‘जोडविक्री’चे उदाहरण म्हणून शिकवला जातो. परंतु त्यात एक अधिक सूक्ष्म गोष्ट आहे. ज्या ग्राहकाचे काम अधिक, त्याची कार्डे अधिक खपत. म्हणजे कार्ड हे विजेच्या मीटरसारखे होते. प्रत्येक ग्राहकाला यंत्राचा उपयोग किती होतो हे त्यावरून मोजता येई, आणि त्या प्रमाणात वसुली करता येई. ग्राहकाकडून किती घ्यायचे हे ठरवण्यासाठी आधी माप शोधावे लागते, ही या धंद्याची पहिली शिकवण होय.

२५ जानेवारी १९५६ रोजी आयबीएमने सरकारशी तडजोड केली आणि यंत्रे भाड्याबरोबर विकण्यासही ठेवण्याचे मान्य केले. सॉफ्टवेअरला मात्र तोपर्यंत वेगळी किंमतच नव्हती. यंत्र घेतले की कार्यक्रम, प्रशिक्षण आणि अभियंत्याची मदत सोबत येई. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने आयबीएमवर पुन्हा मोठा खटला भरला, आणि त्याच वर्षी २३ जून रोजी कंपनीने सॉफ्टवेअर व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याची घोषणा केली. गंमत अशी की, एवढे सारे काढून घेतल्यावर यंत्रांचे दर उतरले ते अवघे ३ टक्के. ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ गाभा तर तेव्हाही यंत्राचाच भाग मानला गेला व विनामूल्य राहिला. तरीही सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकता येणारी गोष्ट आहे, ही कल्पना व्यवहारात रुजण्यास त्या घोषणेने मोठे बळ दिले.

याच १९६९ साली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला. या कंपनीवरही १९५६च्या जानेवारीतच एक न्यायालयीन बंधन आले होते. दूरसंचाराखेरीज दुसरा धंदा करावयाचा नाही, असे ते बंधन होते. त्यामुळे युनिक्स हे उत्पादन म्हणून विकणे तिला अवघड होते. तिने विद्यापीठांना ते नाममात्र शुल्कात आणि कंपन्यांना २०,००० डॉलरांच्या आसपास परवान्यावर दिले. पण अटी विलक्षण होत्या. जाहिरात नाही, साहाय्य नाही, चुकांची दुरुस्ती नाही, आणि पैसे आगाऊ. परवाना घ्या व आपले आपण पाहा. १९८४ साली टेलिफोन कंपनीचे विभाजन झाल्यावर हे बंधन सुटले आणि युनिक्सचा रीतसर बाजार सुरू झाला. पण ज्या विद्यापीठांनी साहाय्याविना ते चालवले, तेथे एकमेकांच्या चुका दुरुस्त करण्याची सवय रुजली होती.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ साली तो जीपीएल या परवान्याखाली आणला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतून आलेला हा परवाना सांगतो की, ज्याला प्रोग्राम मिळाला त्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे, आणि तो बदलण्याचा व वाटण्याचा हक्कही. आता येथे अर्थशास्त्राचे एक कोडे उभे राहते. जी वस्तू पहिला ग्राहक दुसऱ्याला फुकट देऊ शकतो, तिची किंमत टिकेल कशी?

१९९३ साली स्थापन झालेल्या रेड हॅट या कंपनीने प्रथम खोक्यात सीडी घालून विकल्या. १९९९ साली तिचे भाग बाजारात आले, तरी खोक्याच्या विक्रीने कंपनी तरणार नाही हे उघड होते. २००२ साली तिने मोठ्या कार्यालयांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि ती वार्षिक सबस्क्रिप्शनवर देण्यास आरंभ केला. तिची खोक्यातली शेवटची आवृत्ती २००३ साली आली, आणि ३० एप्रिल २००४ नंतर त्या आवृत्तीच्या दुरुस्त्याही थांबल्या. एटी अँड टीने परवाना विकला होता आणि सेवा नाकारली होती; रेड हॅटने बरोबर उलट केले. परवान्याचे मोल घेतले नाही, सेवेचे घेतले. फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिचे उत्पन्न एक अब्ज डॉलरांच्या वर गेले. केवळ मुक्त सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या कंपनीने हा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. योगायोग असा की, त्याच महिन्यात मी माझा शेरा लिहीत होतो.

मग या वर्गणीत मिळते काय? एक, तयार व तपासलेल्या दुरुस्त्या. दोन, त्या दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत बसवून देण्याचे काम. नव्या आवृत्तीत सापडलेला उपाय उचलून जुन्या आवृत्तीत, तिचे बाकी वागणे न बिघडवता, बसवणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते दहा वर्षांपर्यंत करीत राहण्याचे वचन या वर्गणीत असते. तीन, अमुक यंत्रावर व अमुक डेटाबेसखाली ही आवृत्ती चालते, अशी हमी. चार, रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस. वर्गणी संपली म्हणून सॉफ्टवेअर बंद पडत नाही. बसवलेली आवृत्ती चालूच राहते. थांबतात त्या दुरुस्त्या आणि तो फोन.

माझ्या फाइलीचे नेमके हेच झाले. शेऱ्यांची देवाणघेवाण चालू असताना ३१ मार्च उलटला आणि वर्गणी संपली. एप्रिल गेला, मे गेला, यंत्रे चालूच होती. माझे म्हणणे खरे ठरले असे मला वाटले, आणि एका बैठकीत मी ते बोलूनही दाखवले. ऑगस्टमध्ये एका सर्व्हरचा डिस्क कंट्रोलर बिघडला. पुरवठादाराने हमीनुसार नवा बसवला. पण तो थोड्या नव्या जातीचा होता, आणि आमच्या जुन्या आवृत्तीत त्याच्या ड्रायव्हरमध्ये दोष होता. कामाचा भार वाढला की सर्व्हर थिजे. त्यावरील दुरुस्ती मे महिन्यातच निघालेली होती. आमच्याखेरीज वर्गणी भरणाऱ्या सर्वांकडे ती होती. नूतनीकरणाची फाइल पुन्हा फिरून आदेश निघेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या सर्व्हरवर डोंगराळ जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची यादी तयार होत असे. यादी लांबली, वसतिगृहाची फी भरण्याची मुदत काही लांबली नाही. कितीजणांना उसनवारी करावी लागली याची नोंद कोणत्याही फाइलवर नाही. आमचे तांत्रिक अधिकारी आसामी होते, माझ्याहून वयाने मोठे. ते एवढेच म्हणाले, “सर, त्या प्रश्नाचे उत्तर आता फाइलवर लिहू का?”

ते उत्तर खरे तर मला आधीच सुचायला हवे होते, कारण आपल्याकडे ते फार जुने आहे. त्रिंबक नारायण आत्रे हे महसूल खात्यातील अधिकारी. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुतेदारीचे बारकाईने वर्णन आहे. कुणब्याने सुताराला सुगीला बलुते द्यावे, आणि सुताराने वर्षभर त्याची औते दुरुस्त करावीत. बलुते हे नांगराचे मोल नव्हते. नांगर कुणब्याचाच होता. पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तर सुताराने हातातले काम टाकून यावे, या हक्काचे ते मोल होते. एखाद्या वर्षी औत मोडलेच नाही, म्हणून बलुते वाया गेले असे कोणी म्हणत नसे. त्या व्यवस्थेत जातीची सक्ती आणि अपमानही होता, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु वस्तूची मालकी आणि तिच्या निगेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गावाला कळत होते आणि मला मात्र कळले नव्हते.

असो. पैसे कशाचे, याचे उत्तर मिळाल्यावर दुसरा प्रश्न उरतो, किती? येथे पुन्हा मापाची गोष्ट येते. विक्रेत्याने सोयीचे माप निवडावयाचे आणि यंत्रे बदलली की माप बदलावयाचे, असा हा इतिहास आहे. आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेम यंत्रांवर २०००पासून अशीही पद्धत आली की, यंत्राच्या वापराची दर चार तासांची सरकती सरासरी काढावी आणि महिन्यातील तिच्या सर्वोच्च शिखरावर शुल्क लावावे. कारखान्याच्या वीजबिलातील ‘कमाल मागणी आकार’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच ओळखू येईल. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला स्वतःचा परवाना लागे, आणि त्याचा वापर करणाऱ्या प्रत्येक माणसाला किंवा उपकरणाला वेगळा. १९९६च्या सुमारास विंडोज एनटीच्या दोन आवृत्त्या होत्या, टेबलावरच्या संगणकाची स्वस्त व सर्व्हरची महाग. दोहोंचा गाभा एकच असून कोणती आवृत्ती म्हणून वागायचे हे रजिस्ट्रीतील एक-दोन नोंदींवरून ठरते, असे जाणकारांनी दाखवून दिल्यावर मोठा वाद झाला. पण १८४९ सालीच ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने लिहून ठेवले आहे की, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसते ते छपराचा खर्च वाचवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून.

पुढे एका चिपवर दोन, चार, आठ कोअर येऊ लागले. २००४ साली मायक्रोसॉफ्टने आपण कोअर नव्हे, प्रोसेसरच मोजू असे जाहीर केले. लिनक्सच्या कंपन्याही सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागा, मोजत. चिपची ताकद वाढत होती आणि परवाना तेवढ्यालाच मिळत होता, ही ग्राहकाची चंगळ होती. ती २०१६ साली संपली. विंडोज सर्व्हर २०१६पासून मोजणी कोअरवर आली. प्रत्येक प्रोसेसरचे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरचे किमान १६ कोअर धरावयाचे. साध्या आवृत्तीचा दर १६ कोअरना ८८२ डॉलर, म्हणजे पूर्वी दोन प्रोसेसरना होता तोच. लहान यंत्रवाल्यास फरक पडला नाही. परंतु २० कोअरचे दोन प्रोसेसर असलेल्या यंत्रास पूर्वी ८८२ डॉलर लागत, ते आता २,२०५ झाले. दरपत्रकावरचा आकडा तोच आणि बिल अडीच पट.

लिनक्सच्या बाजूचा हिशेबही पाहू. गेल्या दशकाच्या मध्यास रेड हॅटच्या अमेरिकन दरपत्रकात दोन सॉकेटच्या सर्व्हरला वर्षाला ३४९, ७९९ व १,२९९ डॉलर असे तीन दर होते. पहिल्यात दुरुस्त्या मिळत, पण फोन नाही. दुसऱ्यात कार्यालयीन वेळेत साहाय्य. तिसऱ्यात गंभीर अडचणीसाठी रात्रंदिवस. सॉफ्टवेअर तिन्हींत अगदी एकच. एका वर्गणीत एक प्रत्यक्ष यंत्र किंवा दोन आभासी यंत्रे चालत. एका सर्व्हरवर हवी तेवढी आभासी यंत्रे चालवण्याची वर्गणी मधल्या दर्जाला २,४९९ डॉलर होती. म्हणजे सहा आभासी यंत्रांपर्यंत सुटी वर्गणी स्वस्त (तीन वर्गण्यांचे २,३९७), आणि सातव्यापासून एकत्रित वर्गणी. हा हिशेब पाचवीतल्या मुलाला जमेल. पण कोणत्या सर्व्हरवर किती आभासी यंत्रे आहेत याची यादीच कार्यालयात नसते, म्हणून तो होत नाही. माझ्या अनुभवात सरकारचा पैसा चढ्या दरापेक्षा या न केलेल्या यादीत अधिक जातो.

आता आपल्या कायद्याकडे वळू, कारण फाइल अडते ती तेथे. सॉफ्टवेअर ही वस्तू की सेवा? ५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सीडीवर मिळणारे तयार सॉफ्टवेअर विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ आहे असे ठरवले. २ मार्च २०२१ रोजी दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने म्हटले की, परदेशी कंपनीकडून सॉफ्टवेअर घेऊन केवळ वापरणाऱ्याला कॉपीराइट मिळत नाही, म्हणून त्याने दिलेले पैसे रॉयल्टी नव्हेत. वार्षिक वर्गणी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. सामान्य वित्तीय नियमांनुसार आगाऊ रक्कम देण्यावर मर्यादा आहेत. देखभालीच्या करारात ती सहा महिन्यांच्या देयकाहून अधिक नसावी, असे २००५च्या व २०१७च्या दोन्ही नियमांत आहे. विक्रेता मागतो ती पूर्ण वर्षाची रक्कम, तीही आधी. वर्गणीस माल म्हणावे तर लेखापरीक्षक विचारतो, माल दाखवा. देखभाल म्हणावे तर सहा महिन्यांची मर्यादा आडवी येते. माझ्या २०१२च्या शेऱ्यात हाही आक्षेप होता. परंतु ही मर्यादा वित्त सल्लागारांच्या विचाराने शिथिल करता येते, असे त्याच नियमात पुढे लिहिले आहे. म्हणजे आक्षेप आणि उपाय दोन्ही वित्त विभागाच्याच हाती होते. मी फक्त आक्षेप वापरला.

याची खंत अधिक वाटते, कारण याच शासनाला हा धडा एकदा मिळालेला होता. परदेशी चलनाच्या १९७३च्या कायद्यानंतर भागभांडवलाच्या प्रश्नावर मतभेद होऊन आयबीएम १९७८ साली भारतातून गेली. यंत्रे येथेच राहिली. त्यांची निगा कोणी राखायची? त्यासाठी सरकारी कंपनी तयार होती. १९७५ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या मूळ नावातच देखभाल होती, कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. हीच पुढे सीएमसी. आयबीएमची यंत्रे तिच्या अभियंत्यांनी चालू ठेवली. २००१ साली ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली. यंत्रापेक्षा यंत्र जाणणारा माणूस दुर्मीळ असतो, हे ओळखून सरकारने एक अख्खी कंपनी काढली होती.

मार्च २०१५मध्ये केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण अधिसूचित केले. सी-डॅकने त्याआधीच, २००७ साली, बॉस लिनक्स आणले होते. धोरण योग्यच आहे. परंतु ‘मुक्त’चा अर्थ ‘खर्चाविना’ असा लावला की माझ्यासारखा शेरा पडतो. फुकटाचा मार्गही आहे. मात्र त्यात निगा आपण राखावयाची असते. रेड हॅटच्या सोर्स कोडवरून तयार होणारे सेंटओएस २००४पासून जगभर असेच वापरले जाई. २०१९ साली आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरांना विकत घेतली. ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की, २०२९पर्यंत चालेल अशी अपेक्षा असलेले सेंटओएस ८ हे २०२१च्या अखेरीसच थांबेल. त्यातून अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे नवे प्रकल्प निघाले. जून २०२३मध्ये रेड हॅटने आपल्या आवृत्तीचा सोर्स कोड ग्राहकांपुरता मर्यादित केला. ज्याला आपण काही देत नाही त्याने आपल्याला दिलेले वचन कितपत टिकेल, हे त्या वेळी अनेक कार्यालयांना उमगले. आणि पैसे देणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. माप बदलण्याचा अधिकार विक्रेत्याकडेच असतो.

त्या वर्षापासून अशी फाइल आली की मी तीन गोष्टी विचारतो. यंत्रांची, सॉकेटची, कोअरची व आभासी यंत्रांची आजची यादी जोडली आहे काय? फोनचा हक्क नेमक्या कोणत्या यंत्रांना हवा, आणि कोणत्यांना नुसत्या दुरुस्त्या पुरतील? आणि वर्गणी न घेण्याचा प्रस्ताव असेल, तर दुरुस्ती कोण करणार, त्या कर्मचाऱ्याचे पद मंजूर आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर मी आनंदाने पैसे वाचवतो. एका कार्यालयात तसे झाले, आणि तेथील तीन तरुण अभियंते आज सारे सर्व्हर विनावर्गणी उत्तम चालवतात.

आमच्या त्या आसामी अधिकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये फाइलवर लिहिलेले उत्तर एका ओळीचे होते. “दर वर्षीचे पैसे ज्या दिवशी यंत्र अडेल त्या दिवसाचे आहेत, तो दिवस कोणता, हे आधी सांगता येत नाही.” त्याखाली मी सही केली. तारीख मात्र पाच महिने उशिराची पडली.